ओढ्यातल्या दोऱ्याची ओळख

कोणतीही वस्तू केवळ जगात असते म्हणून खरी ठरत नाही. तिची ओळख पटावी लागते. (माणसांचंही तसंच, पण माणसं निदान रांगेत उभी राहतात.)

म्हणून थोरली मुलगी बरणी घेऊन जीव-ओळख कार्यालयात गेली. बरणीत ओढ्याचं पाणी होतं आणि त्यात हातभर लांब, दोऱ्याएवढा बारीक, स्वतःलाच गाठ मारून बसलेला किडा. वडील नुकतेच हृदयविकाराने गेले होते. आजारपणात आईने त्यांना याच ओढ्याचं पाणी पाजलं होतं, आणि ते गेल्यावर तिला ओढ्यात हा दिसला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "मीच मारलं गं त्यांना." पाण्याचा पेला पुढे केला की तोंड फिरवी.

"हा होय!" कीटकतज्ज्ञ बरणीत डोकावून म्हणाले. "रातकिड्याच्या पोटात वाढतो, मोठा झाला की पाण्यात उतरतो. माणसाला काही करत नाही."

"तेवढं लिहून द्या."

"ताई, लिहायचं तर रीतसर ओळख पटायला हवी ना!"

भूचर विभाग म्हणाला, पाण्यात सापडला, आमचा नव्हे. जलचर विभाग म्हणाला, रातकिड्यात वाढला, आमचा नव्हे. (दोन्ही विभागांचं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.) अखेर मोजमाप विभागाने मन मोठं केलं. नियमाप्रमाणे लांबी सरळ स्थितीत मोजतात. किडा सरळ होईना (शेकडा नव्वद नमुने सहकार्य करतात), तेव्हा त्याला टाचण्या मारून उन्हात वाळवलं. वाळल्यावर तो फारच शिस्तीत आला. वरिष्ठांनी भिंगातून पाहून निकाल दिला: "केस. घोड्याचा. निरुपद्रवी." (परिसरात घोडा नाही, पण घोडे हा वेगळा विभाग आहे.)

बाबा हृदयविकाराने गेले, पाण्याने नव्हे, हे खरं तेच मुलीने इतके दिवस घसा कोरडा करून सांगितलं होतं. त्यावर आई म्हणे, "तू गप गं, मोठी आलीस शहाणी!" आता घरी आलेला निकाल आईने दोनदा वाचला.

"केस?"

"केस."

"अगं, वळवळत होता!"

मुलीने शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मग असेल बाई," आई म्हणाली. "एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला लिहितील?" तिने स्वतः पेला भरला, प्याली, आणि मग पहिल्यांदाच नवऱ्यासाठी नुसती रडली.

वाचकहो, हा किडा माणसाला काही करत नाही, हे वर तज्ज्ञाच्या तोंडून आलंच आहे. तरी आज पाणी पिताना आपण पेला उजेडात धरून पाहाल. आपला काही दोष नाही. या कथेवर शिक्का नाही.