चंद्राबाई, वय वर्षे नऊ

“हे अ‍ॅप टाकण्यासाठी आईवडिलांची परवानगी घे,” असं फोनने चौथ्यांदा सांगितलं तेव्हा चंद्राबाईंनी हातातलं लाटणं बाजूला ठेवलं.

“आता त्यांना आनू कुटनं?” त्या फोनलाच म्हणाल्या. “दोगंबी जाऊन वीस वर्सं झाली.”

चंद्राबाईंचं वय चौसष्ट. माले गावातल्या महिला बचत गटाच्या त्या अकरा वर्षं अध्यक्ष होत्या. पौडच्या प्रदर्शनात स्टॉल मिळणार या भरवशावर गटातल्या सहा जणींनी चाळीस किलो नाचणीचे पापड लाटून डबे भरून ठेवले होते. नोंदणी मात्र यंदापासून अ‍ॅपवर. आयोजकांपैकी आशालता मॅडमनी अ‍ॅपची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. स्टॉल हुकला तर चाळीस किलो पापड सहा घरांनी खायचे आणि शिव्या अध्यक्षांनी खायच्या, हे न सांगता ठरलेलं होतं.

फोन असं का वागतो, याचं कारण सूसच्या एका सोसायटीत राहत होतं. त्याचं नाव शेखर. चंद्राबाईंचा एकुलता एक, हिंजवडीत नोकरीला, अजून बिनलग्नाचा. दोन महिन्यांपूर्वी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या एका माणसाने चंद्राबाईंकडून अर्धा पासवर्ड काढून घेतला होता. उरलेला अर्धा त्यांना आठवला नाही म्हणून बाई वाचल्या. शेखरने धसका घेतला आणि आईला नवा फोन आणून दिला. आईच्या फोनात काय असावं नि काय नसावं, हे आता तो आपल्या फोनवरून ठरवणार होता. पण अशी देखरेख फक्त लहान मुलांवर ठेवता येते, असं फोनचं म्हणणं पडलं. शेखर हुशार. त्याने जन्मसालच असं टाकलं की आई नऊ वर्षांची झाली आणि तो तिचा बाप. हे आईला सांगायचं तेवढं राहून गेलं.

इकडे चंद्राबाई बटण दाबत राहिल्या आणि तिकडे मीटिंगमध्ये शेखरचा टेबलावर ठेवलेला फोन वाजत राहिला. सातव्या वेळी शेजारच्या साहेबांनी वाकून वाचलं, ‘चंद्रा, वय ९, एक अनोळखी अ‍ॅप टाकू पाहत आहे.’

“अरे वा! तुला एवढी मोठी मुलगी आहे? बोलला नाहीस कधी!”

“मुलगी नाही, सर. आई आहे.”

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. शेखरने मात्र फोन उचलून परत वाचलं. अनोळखी अ‍ॅप, तेही सात वेळा! आई परत कुणाच्या तरी नादी लागली. त्याने तडक आईचा फोन बंद करायचं बटण दाबलं आणि गाडी काढली.

माल्यात फोनवर झोपलेल्या अस्वलाचं चित्र आलं. खाली लिहिलं होतं, ‘आजची वेळ संपली. आता विश्रांती घे.’

“आगं बया!” चंद्राबाई म्हणाल्या. “ह्यो मला झोपाया सांगतोय. भर दुपारचं.”

समोर पापड लाटत बसलेली गंगू हसली. गंगू डोंगरावरच्या वाडीतली, गटातली सगळ्यात धाकटी आणि हाताला सगळ्यात झपाझप. “मग झोपा की मावशी वाईच,” ती म्हणाली.

शेखर सव्वाचारला धापा टाकत दारात आला.

“आई, कुणाचा फोन आला होता? ओटीपी दिलास का?”

“कुनाला काय देनार? ह्यो तुजा फोन मला हात लावून देईना! पाचच्या आत नाव न्हाई गेलं तर स्टॉल गेला. ह्याच्यात मायबापाला इचार म्हनतोय. कोन हाय रं ह्याचा मायबाप?”

शेखरने आधी चपला काढल्या. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मी.”

“काय?”

“म्हणजे फोनपुरता. त्यात तू नऊ वर्षांची आहेस.”

गंगूच्या हातातला पापड फाटला. चंद्राबाईंना हसू आलं नाही. संताप आला आणि त्याच्याखाली वाईटही वाटलं. ज्याला चड्डी घालायला शिकवलं, त्याने न सांगता आपल्याला पाळण्यात घातलं होतं.

“नऊची तर नऊची,” त्या म्हणाल्या. “दे परवानगी.”

शेखरने अस्वलाला उठवलं आणि परवानगी दिली. फोन म्हणाला, अ‍ॅप बाहेरून आलेलं आहे, एवढ्या लहान मुलांसाठी ते चालणार नाही. मग शेखरने वय वाढवायला घेतलं. फोन म्हणाला, कागदपत्रं पाठवा, तपासून तीन दिवसांत कळवू. साडेचार वाजून गेले होते.

“जाऊ दे, माझ्या फोनवर टाकतो,” म्हणत शेखरने फाईल आपल्याकडे घेतली. त्याच्या फोनने लाल पट्टी दाखवली. ‘आपल्या संस्थेने याला मनाई केली आहे.’

“आता तुला कोन नगं म्हनतंय?” चंद्राबाईंनी विचारलं.

“कंपनी. फोन ऑफिसचा आहे ना. काही टाकायचं तर अर्ज करावा लागतो.”

“मंजी तुला बी मायबाप हाय.”

चंद्राबाईंनी त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. एवढ्या लांबून आला होता बिचारा.

“माज्यात बघू का?” गंगू म्हणाली. तिने कमरेचा फोन काढला. काच तडकलेली, मागचं झाकण रबराने बांधलेलं. तिने फाईल मागवून घेतली आणि बोट टेकवलं.

“थांब, थांब!” शेखर ओरडला. “फोन काही विचारतोय का?”

“इचारलं की, धोका आसंल म्हून. म्या व्हय म्हनलं.”

“अगं, नीट वाचायचं तरी!”

“वाचलं दादा. फोन माजा हाय, धोकाबी माजाच.”

अर्ध्या मिनिटात अ‍ॅप उघडलं. गटाचं नाव, गावाचं नाव, वस्तू, सगळं भरून झालं. मग अ‍ॅपने खटकन गंगूचाच फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘गटाच्या अध्यक्ष’.

“तितं माजं नाव टाक गं,” चंद्राबाई म्हणाल्या.

शेखरने खटपट करून पाहिली. नाव हलेना. त्याने आशालता मॅडमना फोन लावला.

“ज्यांचा फोन, त्यांचंच नाव लागतं हो,” मॅडम म्हणाल्या. “मला त्यात काही बदलता येत नाही. आणि चारच मिनिटं राहिलीत.”

दोघंही चंद्राबाईंकडे बघू लागले. अकरा वर्षांत पौडला स्टॉलवर कोण बसणार, जेवणाची सुट्टी कुणाला कधी, हे त्यांनीच ठरवलं होतं. खुर्ची सोडायची म्हणजे जिवावर आलं. पण कोपऱ्यात डबे रचलेले होते आणि ते लाटून सहा जणींचे हात भरून आले होते.

“दाब,” त्या म्हणाल्या.

गंगूने दाबलं.

आठवड्याने लाटणी चालू असताना गंगूचा फोन वाजला. चंद्राबाईंच्या वयाचा निकाल अजून यायचा होता. गंगूचे हात पिठाचे, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजात लावला.

“अध्यक्षबाई, नमस्कार,” आशालता मॅडमचा आवाज आला. “तुम्हाला फाटकाजवळचा स्टॉल मिळालाय. बसायला दोघींनाच परवानगी आहे. कोण कोण येणार?”

“येक मी,” गंगू म्हणाली. “दुसरीचं सांजच्याला कळवते.”

फोन बंद झाला. चंद्राबाईंनी चार पापड लाटले. पाचवा वेडावाकडा झाला. तो मोडून परत गोळा करता करता त्यांनी वर न बघता विचारलं, “गंगू, मी यिऊ का गं?”

गंगूने हातातला पापड सावकाश पुरा केला.

“या की मावशी,” ती म्हणाली. “शेखरदादाला तेवढं इचारून या.”