चपला घालूनच आत यायचं

सोजरमावशीच्या घरात चपला काढून गेलं की शिव्या खाव्या लागतात. ती माझी सख्खी शेजारीण. एकदा मी सवयीने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, तर आतून ओरडली, "ए बये, पायाला मेंदी लावलीय का? घाल त्या!" मी चपलांसकट तिच्या चुलीपर्यंत गेले. माझ्या सासूने पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

सत्यनारायणाच्या पूजेला तर तिचे यजमान, भागवतकाका, चपला घालूनच पाटावर बसले. गुरुजी उठून उभे राहिले. "अहो, देवाचं काम आहे!"

"कोऱ्या हायत्या चपला," मावशी म्हणाली. "अन् देव काय पायातून शिरत न्हाई. जंत शिरतो. तुमी मंतर म्हणा."

कुणाचं पोर रडलं की ती म्हणणार, जंत. सरपंच भाषणात अडखळला तरी, "जंत झाल्यात त्याला." वाटेत कुणी भेटलं की आधी नखं बघते, मग ख्यालीखुशाली विचारते.

आधी ती अशी नव्हती. काकांचे गुडघे धरले होते. बाजारात एक माणूस गुडघ्यांसाठी पुडीतल्या गोळ्या विकायचा. त्या घेतल्या आणि काका तरातरा चालायला लागले. तोंड गोल झालं. आम्ही म्हणायचो, तब्येत सुधारली. मग जुलाब लागले, मग धाप लागली.

बीडच्या दवाखान्यात मावशीने मला सोबत नेलं, कारण मला पाट्या वाचता येतात. आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या आतड्यात जंत आहेत. आता छातीपर्यंत पोचलेत."

"छातीत? जंत?" मावशी एवढंच बोलली. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

बाईंनी समजावून सांगितलं. हे जंत ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतात. काकांचा जन्म उसाला पाणी देण्यात गेला, तेव्हाच कधीतरी शिरले असणार. अंगातली ताकद त्यांना दाबून ठेवते, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पुडीतल्या गोळ्यांनी दुखणं थांबवलं, पण ती ताकदही झोपवली. मग जंतांना कुणी अडवलं नाही.

"गोळ्या कुणी दिल्या?" बाईंनी विचारलं.

"बाजारातल्या मानसानं," मावशी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आनून मीच दिल्या. सकाळ-संध्याकाळ. मीच."

काका वाचले. जंतांचं औषध दिलं, पुडीतल्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. पण गुडघे पुन्हा धरले.

परवा मी ताक द्यायला गेले. दारातच काकांचा आवाज ऐकला. "सोजर, एकच गोळी आन गं. लई दुखतंय. न्हाई सोसवत."

मला वाटलं, आता मावशी गल्ली डोक्यावर घेणार. पण ती बाजेजवळ खाली बसली होती, काकांचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होती.

"मला शिव्या द्या," ती म्हणाली. "मारा वाटलं तर. पन तेवढं मागू नका. मी पुन्यांदा आनून देईन, असं भ्या वाटतं मला माझंच."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं, न्हाई मागत," ते म्हणाले. "रडू नगंस. जरा जोरात दाब."