समूची सुरक्षित खुर्ची

काशिरामचा धाकटा भाऊ प्रितम उरणच्या रस्त्यावर बाइकसकट ट्रेलरखाली गेला. सत्यजीत ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर उरणजवळच्या मोऱ्याला, काशिरामच्या गावी जाऊन, खांदा देऊन नवीन पनवेलला घरी परतला. आंघोळ करून तो सोफ्यावर बसला आणि बायकोला म्हणाला, "समूला आता मांडीवर घेऊन गाडीत बसायचं नाही. तिला कार सीट घ्यायची."

अनुयाने मान हलवली. सत्यजीतचे वडील कृष्णकांत, म्हणजे अण्णा, समूकडे बघू लागले. गाडीत त्यांची ही तीन-चार वर्षांची नात त्यांच्याच मांडीवर बसायची.

काशिराम आणि सत्यजीत कंटेनर यार्डच्या ऑफिसात शेजारी शेजारी बसत. प्रितम सगळ्यांच्या ओळखीचा. मोऱ्याला गेलं की तो समूला खांद्यावर घेऊन धक्क्यावर बोटी दाखवायला न्यायचा. त्यामुळे चार दिवसांनी काशिरामचा फोन आला, "आई कोनाशी बोलत नाय. एकदाच बोलली, समूला आना म्हनाली," तेव्हा सगळ्यांनीच जायला हवं होतं.

"मग रविवारी जाऊ," अण्णा म्हणाले.

"सीट आली की जाऊ."

"भेटायला जाण्याचा आणि सीटचा काय संबंध?"

"त्याच रस्त्याने जायचंय, अण्णा."



सीट निवडणं हे सत्यजीतला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. इंटरनेटवर तो जितकं वाचत गेला तितका घाबरत गेला. प्रत्येक सीटच्या खाली कोणीतरी लिहिलेलं असे की ही घेऊ नका. पहिली सीट पाठमोरी बसवायची होती. समू तीत मावली, पण पाय मागच्या सीटला टेकून दुमडले आणि कळंबोलीच्या सर्कलला तिने अण्णांच्या धोतरावर उलटी केली. सीट परत गेली. दुसरी सीट त्यांच्या छोट्या गाडीत शिरली, पण मग दार लागेना. तेवढ्यात दहावा झाला, तेरावा झाला. सोसायटीतले विनायकराव रोज जिन्यात गाठून म्हणायचे, "आमची पोरं स्कूटरवर पुढे उभी राहून मोठी झाली हो." सत्यजीतला पुढे उभी राहिलेली पोरं दिसायची आणि त्याला जेवण जायचं नाही.

शेवटी वाशीच्या दुकानातून तिसरी आणली. जाडजूड, लाल पट्ट्यांची. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, एकदा बक्कल लावलं की मूल स्वतःहून काढूच शकत नाही."

रविवारी निघाले. सत्यजीत पट्टे लावून गाडी सुरू करायला पुढे गेला. मागे अण्णा समूच्या शेजारी बसले. गव्हाणफाट्याच्या अलीकडे समू किरकिरायला लागली, तशी त्यांनी तिला चिक्की दिली. उलव्याकडून येणारे डंपर आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर यांच्यामधून सत्यजीत बैलगाडीच्या वेगाने चालला होता. एका वळणावर रस्त्याच्या कडेला काचेचा चुरा अजून पडलेला होता. अनुयाने दुसरीकडे बघितलं.

मोऱ्याला पोचल्यावर कळलं की चिक्की वितळून बक्कलमध्ये गेली आहे. सत्यजीतने बटण दाबलं. अनुयाने दाबलं. अण्णांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बक्कल उघडेना.

"पट्टा कापू या," अण्णा म्हणाले.

"कापला की सीट बाद. मग समूला परत कशी न्यायची?"

"पण हिला इथे उन्हात किती वेळ ठेवायचं?" अनुया म्हणाली.

काशिरामचं घर बोळात होतं, गाडी तिथवर जात नव्हती. अखेर सत्यजीतने सीट गाडीला बांधणारा पट्टा सोडला, आणि एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने अण्णा, असे दोघं समूला सीटसकट उचलून निघाले. जाळी विणत बसलेली माणसं हात थांबवून बघत राहिली. मिरवणुकीला पुढेमागे कोणीतरी लागतंच, म्हणून एक कुत्रं मागे आणि एक पुढे चालू लागलं. समू वर बसून शांतपणे सगळ्यांकडे बघत होती.

घरात भिंतीला टेकून प्रितमची आई चंद्रावती बसली होती. समोर फोटो, हार. बाजूला शेजारच्या बायका. सत्यजीतने सीट जमिनीवर ठेवली आणि घाम पुसला.

चंद्रावतीने वर बघितलं. "पोरीला बांधलाय कशाला?"

"नाही, ते गाडीतलं आहे मावशी," सत्यजीत म्हणाला. "म्हणजे कसं, समजा अपघात झाला तर..."

आणि तो थांबला. अनुयाने डोळे मिटून घेतले. एवढ्या दिवसांत या घरात जो शब्द कुणी काढला नव्हता, तो काढायला तो पनवेलहून आला होता. चंद्रावती पुन्हा खाली बघू लागली.

काशिरामने परिस्थिती सावरायला आतून सुरी आणली. "कापून टाकू रे. पोरगी घामाघूम झाली."

"थांब, फक्त दोन मिनिटं," सत्यजीत म्हणाला आणि पुन्हा बटणाशी झटू लागला.

तेव्हा समूने एक हात पट्ट्यातून बाहेर काढला. मग दुसरा. मग पाय वर ओढून, फ्रॉक काढावा तशी ती पट्ट्यांतून वर सरकली आणि जमिनीवर उभी राहिली. बक्कल तसंच बंद होतं.

सत्यजीत रिकाम्या सीटकडे बघत राहिला.

"तुला निघता येत होतं?" अनुयाने विचारलं.

"हो."

"मग मघाशी का नाही निघालीस?"

"बाबा म्हणाला, मी सांगेपर्यंत हलायचं नाही. मग त्याने सांगितलंच नाही," समू म्हणाली. "मला शू लागलीय."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "पट्टे मीच थोडे सैल केले होते. पोरीला काचत होतं."

सत्यजीतने सैल पट्टा बोटांनी ओढून बघितला. इतक्या दिवसांचं सगळं वाचन त्याच्या चेहऱ्यावरून उतरून गेलं होतं.

चंद्रावती उठली. समूचा हात धरून तिला मोरीकडे घेऊन गेली, परत आणून आपल्याजवळ बसवलं आणि तिचे घामट केस मागे सारले.

"बापाचा आयकतेस?" तिने विचारलं.

समूने मान डोलावली.

"आमचा नाय आयकायचा. त्याला हेल्मेट घाल बोलले, तर बोलायचा केस बिगडतान." तिचा ओठ हलला, हसू की काय ते कळलं नाही. मग ती रडायला लागली. काशिराम सत्यजीतच्या कानाशी म्हणाला, "रडू दे. पयल्यांदाच रडते." बायका सरकून तिच्याजवळ आल्या. समू जागची हलली नाही, तिने चंद्रावतीचा पदर धरून ठेवला.

नंतर कढत पाणी ओतल्यावर बक्कल टक्कन उघडलं. ऊन कलल्यावर ते निघाले. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून तिघंही मुकाट्याने उठले. चंद्रावती बोळाच्या तोंडापर्यंत आली. सत्यजीतने समूला सीटमध्ये बसवून पट्टे घट्ट ओढले, पुन्हा ओढले. अण्णा हात मांडीवर ठेवून बघत होते.

समूने खिडकीतून हात बाहेर काढला. "आजी, मी परत येते हं."

अनुया गडबडीने काच वर करायला लागली. चंद्रावतीने काचेवर हात ठेवून ती थांबवली.

"ये," ती म्हणाली. "पन अशीच बांधून ये."