जागा वाढल्या

परिचारिका कमी पडताहेत, हे आरोग्य खात्याच्या लक्षात आलं. खात्याने लगेच कंबर कसली आणि परिचारिका नेमण्याऐवजी परिचर्या महाविद्यालयाच्या जागा साठावरून तीनशे केल्या. संचालकांनी फीत कापली, फोटो निघाले, टाळ्या पडल्या.

आता तीनशे मुलींना शिकवायला माणसं हवीत. ती आभाळातून थोडीच पडणार? शेजारच्या रुग्णालयात उरल्यासुरल्या परिचारिका होत्या, त्यांना उचलून वर्गात उभं केलं. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर तर एकदम प्राचार्य झाल्या. त्यांना गोल फिरणारी खुर्ची मिळाली आणि खरं सांगायचं तर ती आवडलीही. सगळी हयात उभ्याने काढल्यावर कोणाला नाही आवडणार?

"पण वॉर्डात आता कोण?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

"तीनशे मुली आहेत की," संचालक म्हणाले. "पूर्वी तुम्ही चौघी होता. याला प्रगती म्हणतात, मॅडम."

नियम साधा होता. शेजारी पात्र परिचारिका असल्याशिवाय विद्यार्थिनीने रुग्णाला हात लावायचा नाही. पात्र परिचारिका त्या वेळी वर्गात हाच नियम शिकवत असायच्या. शिवाय एवढ्या मुलींना दाखवायला रुग्ण पुरेनात, म्हणून बऱ्या झालेल्यांना घरी सोडणं थांबलं. एक ठणठणीत गृहस्थ महिनाभर पोटदुखी शिकवत होते. त्यांना मानद व्याख्याता करावं, असा प्रस्ताव वर गेला होता.

अशात बाईंचे वडील घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि ते वॉर्डात आले. दोन दिवस बाई महाविद्यालयाच्या तपासणीच्या तयारीत अडकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा खाटेभोवती पंचवीस मुली दाटीवाटीने उभ्या होत्या.

"अगं, पोरी फार गुणी आहेत," वडील क्षीण आवाजात म्हणाले. "सारखं उताणं पडून राहिलं की पाठीला कशी जखम होते, ते मला तोंडपाठ झालंय. फक्त कोणीतरी मला कुशीवर वळवा. पाठ नुसती जळतेय."

"तुम्ही कोणी वळवलं नाही यांना?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मॅडम," पुढची मुलगी म्हणाली. "हात लावायचा नाही."

बाईंनी पदर खोचला, एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली घातला आणि वडिलांना अलगद वळवलं. पाठ पाहून त्यांना रडू आवरेना. मुली पहिल्यांदाच खरी परिचर्या बघत होत्या.

त्याच वेळी तपासणी समिती दारात आली. प्राचार्य रुग्णाला हात लावताना रंगेहाथ सापडल्या. अध्यापनाचं काम सोडून परिचर्या केल्याबद्दल त्यांना निलंबित करण्यात आलं. समितीने अहवालात चिंता व्यक्त केली, की प्रत्यक्ष प्राचार्यांना रुग्ण वळवावे लागतात, म्हणजे तुटवडा वाटला होता त्याहून गंभीर आहे. खात्याने तत्परतेने सहाशे जागा मंजूर केल्या.

सकाळी ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. चला, काहीतरी होतंय, असं म्हणून समाधानाने पान उलटलं. वाढीव तुकडी चार वर्षांनी बाहेर पडेल आणि बहुधा थेट शिकवायला लागेल. तोवर तब्येत सांभाळा. आणि पडलातच, तर कुशीवर पडा.