दुसऱ्याचं गाठोडं बांधणारा अनंता

अनंता शेलार चौकशी केल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. महाडच्या एसटी डेपोजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले, की हा बाकावरून उठतो आणि टपरीवाल्याला विचारतो, "दूध हाय? साखर हाय? गॅस पुरंल ना? मंग ठेव. अर्ध्यात काय संपलं तर ठेवूच नको." टपरीवाला मला डोळा मारतो. अनंताला त्याचं काही नसतं.

"ह्याला काय काय लागतंय?" हे त्याचं पालुपद. उमरठला एका लग्नात मांडव घालणाऱ्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्याने हा प्रश्न विचारून हैराण केलं. मंडळी हसत होती. आणि नेमका गॅसचा रेग्युलेटर कोणीच आणलेला नाही, हे अनंतामुळेच मुहूर्ताच्या तासभर आधी कळलं. मग काय, नवरदेवापेक्षा याचंच कौतुक! मी त्या लग्नात फुकट लायटिंग करून दिलं होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

हा मूळचा डोंगरावरच्या कुडपणचा. मुंबईत वीस वर्षं एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळून गावी परतला. वर पठारावर नेटची बोंब, म्हणून आठवड्यातून तीनदा एसटीने खाली येतो आणि माझ्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. तिथे तो गाठोडी बांधतो.

म्हणजे असं, की लिनक्स नावाची एक फुकट सिस्टीम असते. तिच्यावर एखादा प्रोग्राम घालायचा, तर तो नीट बांधलेला मिळावा लागतो: आत काय आहे, चालायला आणखी काय काय लागतं, आणि नको झाला तर मागे कचरा न ठेवता कसा निघेल. याला पॅकेज म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा वेगळा, बांधणारा वेगळा. रोजची तिथी दाखवणारा एक छोटा प्रोग्राम कोणीतरी लिहून वाऱ्यावर सोडला होता. अनंता तो वर्षानुवर्षं बांधतोय. पैसा नाही, पगार नाही. पण त्या पॅकेजवर बांधणाऱ्याचं नाव असतं, आणि जगात कुठेही कोणी ते उघडलं की दिसतं: अनंत शेलार.

मला याचा हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला? माझं नाव दुकानाच्या पाटीवर आहे आणि तिच्यावरही कावळे बसतात. हा माझ्याच खुर्चीत बसून मेल उघडायचा आणि गालात हसायचा. "काय रे?" विचारलं, तर म्हणायचा, "आलंय. पोचलं म्हणतायत." जर्मनीहून आलं असेल, ब्राझीलहून आलं असेल, असं मनात येऊन माझा जळफळाट व्हायचा. वीज माझी, नेट माझं, आणि पत्रं याला!

एक दिवस मला संधी मिळाली. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि सहज अनंताचं पॅकेज टाकलं, तर तिथीच्या जागी नुसते चौकोन! जगाला लागणाऱ्या गोष्टी विचारत फिरणारा हा बाबा स्वतःच्या यादीत मराठी फॉन्ट लिहायला विसरला होता. त्याच्या मशीनवर फॉन्ट आधीपासून असणार, त्याला कसं कळणार? ज्याच्या घरात सगळं असतं, त्याला पाहुण्याची अडचण दिसत नाही.

तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता. मी ओरडून सांगू शकलो असतो. पण मी नांदेडच्या 'वसंतरावां'च्या नावाने नवा मेल काढला आणि सगळ्यांना दिसेल अशी सणसणीत तक्रार नोंदवली. अख्ख्या जगासमोर याची शोभा होऊ दे, म्हटलं.

झालं भलतंच. अनंताने दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि पॅकेजसोबत जगभर जाणाऱ्या बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'चूक दाखवल्याबद्दल वसंतराव, नांदेड यांचे मनापासून आभार.' म्हणजे जगाच्या यादीत नाव लागलं ते वसंतरावांचं! जो जन्मालाच आला नाही, त्याच्यावर मी जळायला लागलो. तरी तक्रारी थांबवल्या नाहीत. इथे स्पेलिंग चुकलंय, तिथे सूचना अपुरी आहे. दर वेळी आभार.

परवा अनंता खुशीत होता. "वसंतरावांना घरी बोलावतोय," म्हणाला. "हे वाच, बरं लिवलंय का."

मी वाचलं. 'कुडपणला या. घर मोठे आहे, राहणारा मी एकटाच. चार दिवस राहा.'

चार वर्षं हा माझ्या दुकानात बसतोय. मला कधी एका दिवसासाठीही बोलावलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तू येशील असं वाटलं नाय," तो म्हणाला. "तू सारखा रागावलेला असतोस माझ्यावर."

मी ओशाळलो. विषय बदलायला म्हटलं, "तुला जगभरातून पत्रं येतात, त्यांनाही बोलाव की."

"कुठली पत्रं? ती मशीनची पोच रे. गाठोडं चढवलं की आपोआप येतंय. माणसाचं म्हणशील तर ह्या वसंतरावांचंच. मी सोडून देणार व्हतो हे काम. पण एक माणूस वापरतोय ना, त्याचं मोडंल."

आता गप्प बसणं मला जमेना. "अनंता, ते पत्र पाठवू नकोस. वसंतराव मीच."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "फॉन्टाचं खरं व्हतं ना?"

"खरं होतं."

"मंग ठीक." मग त्याने हळूच विचारलं, "म्हंजे वापरत कोणच नाय?"

"मी वापरतो," मी म्हणालो. "रोज दुकान उघडलं की आधी तिथी बघतो."

हे खोटं नव्हतं. त्याच्या चुका शोधता शोधता सवय लागली होती.

अनंताने लिहिलेल्या पत्रातलं वसंतरावांचं नाव खोडलं आणि माझं घातलं. पाठवलं मात्र नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "रविवारी ये. पयली गाडी पकड, म्हंजे दिवसभर बोलता येईल."