राजेसाहेबांचं ताट

इथे आखातात, आमच्या सलव्यातल्या इमारतीत एक अख्खा हिवाळा खराखुरा राजा राहून गेला, आणि त्याला जेवताना कुणीही पाहिलं नाही.

खराखुरा म्हणजे अगदी गादीवरचा. नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या एका लहानशा गावाचा. त्यांची मुलगी फोलाके इथे डॉक्टर आहे, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. राजेसाहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे आले होते. पायघोळ झगा, गळ्यात पोवळ्यांच्या माळा, डोक्यावर मण्यांची टोपी आणि हातात घोड्याच्या केसांची पांढरी चवरी. या थाटात ते रोज सकाळी खाली उतरायचे आणि आमचा रखवालदार अब्दू याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसायचे. पहिल्या दिवशी अब्दूने स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणली. आठवडाभरात तो त्यांच्याशेजारी हात बांधून उभा राहायला लागला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

राजेसाहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आम्ही ऐकलं." बोलायचे इंग्रजीतच, पण स्वतःचा उल्लेख कायम 'आम्ही'. लिफ्ट बंद आहे म्हणा, भाडं वाढतंय म्हणा, ते चवरी एकदा हलवणार आणि म्हणणार, "आम्ही ऐकलं." त्यातून हो की नाही, काही कळायचं नाही. पण माणसाला बरं वाटायचं. तेवढ्यासाठी लोक कामावर जाताना दोन मिनिटं थांबायला लागले.

सावलीच्या पार्किंगवरून माझं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या इजिप्शियन गृहस्थांचं बोलणं बंद होतं. राजेसाहेबांनी एकदा आम्हा दोघांना समोर उभं केलं, काठी टेकत दोन्ही गाड्यांपर्यंत गेले, टपांना हात लावून पाहिला आणि निकाल दिला. "काळी गाडी जास्त तापते. सावली काळीला." माझी गाडी पांढरी. मी तोंड उघडलं, तोच म्हणाले, "आम्ही ऐकलं." प्रकरण संपलं. संध्याकाळी त्या गृहस्थांकडून खजुराचा डबा आला, तो मी निमूटपणे घेतला.

राजा होण्याआधी हा माणूस भूगोलाचा मास्तर होता. "आमच्या गावात राजघराणी चार," ते सांगायचे. "गादी पाळीपाळीने फिरते." पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं चेअरमनपद असंच फिरतं, आणि आमच्याकडच्या लोकांसारखेच तेही पळाले होते. निवड करणारे वडीलधारे शाळेत शिरले तेव्हा मास्तर वर्गाच्या खिडकीतून उडी मारून पसार झाले. "आम्ही नद्या शिकवत होतो. नायजर अर्धीच राहिली." गावाने त्यांना धरून आणलं, राजा ठरल्याची खूण म्हणून डोक्यावर पानं ठेवली आणि काही महिने एका घरात ठेवून राजेपण शिकवलं. कसं बसायचं, किती कमी बोलायचं. मग चेहरा झाकणारा, मण्यांच्या झालरीचा मुकुट. त्या दिवसापासून सख्खा थोरला भाऊसुद्धा समोर आला की जमिनीवर पालथा पडून नमस्कार करतो. "त्याला कंबरदुखी आहे," राजेसाहेब हळहळायचे, "पण नको म्हणायची आम्हाला सोय नाही." पुढे त्यांनी शेताच्या बांधांची भांडणं मिटवली, बाजारावर पत्रे घातले, आणि आपल्या जुन्या शाळेला नवी इमारत मिळवून दिली. खिडक्यांना गज लावून.

माझी बायको सुनंदा लातूरची. माणसाला आग्रह करून वाढणं हा तिचा स्वभावच. पण आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली, त्यातच मला डायबेटिस निघाला, आणि आग्रह करायला घरात कुणी उरलंच नाही. चार भाकऱ्या थापायच्या, गप्प बसून जेवायचं, ओटा पुसायचा. स्वयंपाकातून तिचं मन उडालं होतं, आणि मला त्यावर काही सुचत नव्हतं.

एका शुक्रवारी तिने बापलेकींना जेवायला बोलावलं. पिठलं, भरीत, ठेचा. राजेसाहेब ताटावर बसले आणि नुसतेच बसून राहिले. भाकरी गार झाली. सुनंदाचा चेहरा पडला.

"आंटी, राग मानू नका," फोलाके हळूच म्हणाली. "राजाने कुणासमोर जेवायचं नसतं. वाड्यात ताट ठेवतात आणि सगळे निघून जातात."

"एवढंच ना?" सुनंदा म्हणाली. तिने ताट उचललं, मुलीच्या रिकाम्या खोलीत नेऊन टेबलावर मांडलं, राजेसाहेबांना तिथे बसवलं आणि दार लोटून घेतलं.

इथवर ठीक होतं. पण पाहुणा बंद दाराआड जेवतोय आणि आपण बाहेर स्वस्थ बसलोय, हे लातूरच्या बाईला कसं जमावं? तिने तव्यावरची भाकरी उचलली, दाराशी गेली, तोंड भिंतीकडे वळवलं आणि हात तेवढा फटीतून आत घातला. "घ्या, गरम आहे!" हे मराठीत.

आतून आवाज आला, "आम्ही ऐकलं."

सुनंदाने त्याचा अर्थ हो असा घेतला. मग दुसरी भाकरी गेली, मग ठेचा. पुन्हा ठेचा. फोलाके हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. सुनंदा चौथ्यांदा दाराशी गेली, "अजून एक?" आणि या वेळी आतून काहीच आलं नाही. ती भिंतीकडे बघत, हात आत धरून तशीच उभी राहिली.

"मॅडम," बऱ्याच वेळाने आवाज आला, "आमची आई ताटाशी बसून 'अजून घे' म्हणायची. आम्ही गादीवर बसलो त्या दिवशी ती आमच्यासमोर गुडघे टेकून बसली. पुन्हा कधी 'अजून' म्हणाली नाही. राजाला हे कुणी विचारत नाही."

सुनंदाने दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावला. "थांबा," ती म्हणाली, "तव्यावरची आणते."

मग शुक्रवार ठरूनच गेला. आमच्या घरात पुन्हा वास दरवळायला लागले, बायको पुन्हा बडबडायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर राजेसाहेब चांगले चालत विमानतळावर गेले. त्यांचे आभार मानायचं माझ्या मनात होतं, पण माझ्या तोंडून 'नीट जा' एवढंच निघालं. ते काय म्हणाले, हे सांगायला नको.

आता शुक्रवारी त्यांच्या जेवणाच्या वेळी, म्हणजे आमच्याकडे दुपारी तीनला, फोन वाजतो. चित्र बंद, फक्त आवाज. तिकडे ताट ठेवून सगळे निघून गेलेले असतात. आम्हीही तोवर जेवायचे थांबतो. सुनंदा फोन ताटांच्या मध्ये ठेवते आणि गरम भाकरी हातात घेऊन विचारते, "अजून एक?"

"वाढा," राजेसाहेब म्हणतात. हा एक मराठी शब्द ते शिकले आहेत.

आणि ती भाकरी माझ्या ताटात पडते. मी मुकाट्याने खातो.