उंडीच्या जागी पाकट

बंदरावरचं उंडीचं झाड तीन महिन्यांच्या रजेवर समुद्रात गेलं आणि बदली म्हणून त्याच्या पारावर एक पाकट रुजू झाला. चटईएवढा रुंद, चपटा मासा. शेपटी मातीत रोवून त्यानं अंग पसरलं आणि तो कामाला लागला.

पारालगतच्या दुकानाचे मालक भालूशेट खातू यांची पाकटाविषयी काही तक्रार नव्हती. धास्ती वेगळीच होती. त्यांचा परवाना 'उंडीच्या सावलीत' एवढ्या दोन शब्दांवर सव्वीस वर्षं तगला होता. बदलीवरचा नापास झाला, तर पाराची जागा रद्द, सावली रद्द आणि दुकानही.

तपासणीला मंडळ अधिकारी निमकर आले. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले. एक उंडीचा, एक पाकटाचा.

"खोड?"

"शेपटी आहे. साहेब, आधी सरबत घ्या. मागं एका गिऱ्हाइकाला छत्री हवी होती. माझ्याकडे नव्हती, मी इरलं दिलं. पुढच्या पावसाळ्यात गडी इरलंच मागत आला."

"इरल्याला रकाना नाही, खातू. तेल?"

"उंडीच्या बियांचं होड्यांना लावतात. ह्याच्या काळजाचंही..." शेटनी जीभ चावली.

पाकटानं अंग आखडलं. निमकरांनी टेप लावली. "सावली हातभर कमी," ते लिहू लागले.

एवढ्यात रुक्मामावशी तांडेल डोक्यावर मासळीची टोपली घेऊन नेहमीसारखी सावलीला विकायला आली. सकाळी तिच्या जाळ्यात पाकट लागल्याची बातमी बंदरभर होती. टोपली पाहून शेट लगबगीनं तिच्या आणि पाकटाच्या मध्ये उभे राहिले.

"आज काय?" निमकरांनी विचारलं.

"बांगडे. तीन पाकट होते, ते सोडले पाण्यात. ह्याच्या सावलीत बसून ह्याचेच भाऊबंद विकायचे? बरं दिसतं का ते, साहेब?" मग ती वर पाहून म्हणाली, "सरक रे बाबा, ऊन लागतंय."

पाकट पुरता फुलला आणि उन्हाच्या बाजूला कलला. सावली दुकानाची पायरी ओलांडून टोपलीवर आली.

"उंडी अशी कलायची?"

"सव्वीस वर्षांत एकदाही नाही!"

निमकरांनी आधीची ओळ खोडून लिहिलं : 'तुलनेअंती समतुल्य. कलण्याच्या बाबतीत सरस.'

भालूशेटनी साहेबांसाठी ओतलेलं सरबत स्वतःच एका घोटात संपवलं.

दुपारच्या भरतीबरोबर उंडीचा अर्ज आला : हवा मानवते आहे, रजा वाढवून मिळावी. शेटनी त्यावर शिफारशीची सही ठोकली आणि रोजच्यासारखी पारात बादली ओतली. पाणी तेवढं समुद्राचं घेतलं.